ग्लुकोज प्यायल्यावर साखर १५२, उपाशीपोटी ८४: यातला खरा रिपोर्ट कोणता?

एका ताईंनी विचारलं आहे. पहिलं बाळंतपण, सव्विसावा आठवडा चालू, दिवस राहण्याआधीचं वजन ५१ किलो. तिसऱ्या महिन्यात साखर तपासली तेव्हा ११८ होती. आता सरकारी दवाखान्यात ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं आणि दोन तासांनी रक्त घेतलं, तर १५२. त्या घरून नाश्ता करून गेल्या होत्या, म्हणून सासूबाईंचं म्हणणं, "खाऊन गेलीस, वाढणारच." दुसऱ्या दिवशी बाहेर उपाशीपोटी तपासलं तर ८४ आणि तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ५.२. तिथे सांगितलं, सगळं नॉर्मल आहे. ताई विचारतात: कोणता रिपोर्ट धरायचा? पुन्हा चाचणी करू का? बाळाला धोका आहे का, आणि इन्शुलिन लागेल का?

मी स्त्रीरोग आणि प्रसूतीची डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावात बावीस वर्षं प्रॅक्टिस करते. असे दोन कागद हातात घेऊन आलेली बाई मला आठवड्यातून एकदा तरी भेटते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. त्यांनी मोजल्या आहेत त्या दोन वेगळ्या गोष्टी. रात्रभर काही न खाता शरीर साखर किती ठेवतं, ते ८४ सांगतं. साखरेचा मोठा भार एकदम आला की शरीर तो दोन तासांत किती आवरतं, ते १५२ सांगतं. आपल्याकडच्या बऱ्याच गरोदर बायकांचं उपाशीपोटीचं गणित बरोबर असतं आणि जेवणानंतरचं चुकतं. नुसती उपाशीपोटी साखर पाहिली तर या बायका हमखास सुटतात.

सरकारी दवाखान्यात झाली ती डिप्सी पद्धतीची चाचणी. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी शिरेतलं रक्त द्यायचं. आधी खाल्लं असेल-नसेल, फरक करत नाहीत. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत रुजवली. त्यामागचं कारण अगदी आपल्या मातीतलं आहे. वाडीवरून दोन गाड्या बदलून आलेल्या गरोदर बाईला "उद्या उपाशी या" म्हटलं तर ती उद्या येत नाही. आली तरी चक्कर येऊन बाकावर आडवी होते. म्हणून ती आली त्याच दिवशी, आहे त्या स्थितीत चाचणी. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हीच पद्धत आहे: पहिल्याच भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. निरोगी गरोदर शरीर नाश्त्यावर हे पाणी प्यायलं तरी दोन तासांत साखर १४० च्या खाली आणतं, हे त्यातलं गृहीत. त्यामुळे "खाऊन गेले म्हणून वाढली" हे या चाचणीत धरत नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण तुम्ही वाचाल आणि गोंधळाल. जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची पद्धत वेगळी आहे. त्यात उपाशीपोटी जायचं, तेच ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं आणि तीनदा रक्त द्यायचं. उपाशीपोटी ९२, एका तासाला १८०, दोन तासांना १५३ या मर्यादा. एक जरी गाठली तरी गरोदरपणातल्या मधुमेहाचं निदान पक्कं. तुमचे ८४ आणि १५२ हे आकडे त्या कागदावर ठेवले तर तुम्ही जेमतेम नॉर्मलमध्ये बसता. अर्थात तुमची चाचणी खाल्ल्यावरची आहे आणि एका तासाचा आकडा घेतलेलाच नाही, म्हणून ती तुलना सरळ लागू होत नाही. कोणती पद्धत बरी यावर तज्ज्ञांचेही मतभेद आहेत. डिप्सीवर आक्षेप असा की ती काही बायकांना सोडते आणि काहींना उगाच पकडते. मी स्वतः डिप्सी वापरते. शंका वाटली तर उपाशीपोटीची तीन रक्तांची चाचणीही करते.

पण मला खरं सांगायचंय ते पुढे आहे. ९ देशांतल्या जवळपास २५ हजार गरोदर बायकांचा एक मोठा अभ्यास झाला, हॅपो नावाचा, २००८ साली प्रसिद्ध झालेला. तिथे दिसलं असं, की आईची साखर जसजशी वर जाते तसतसं बाळाचं वजन वाढण्याचं, सिझेरियनचं, जन्मल्यावर बाळाची साखर उतरण्याचं प्रमाण हळूहळू चढत जातं. अमुक आकड्याच्या खाली सुरक्षित आणि वर धोका, अशी रेघ कुठेच सापडली नाही. घाट चढताना रस्ता चढत असतो, मध्ये कडा नसतो, तसं. १४०, १५३ या रेघा माणसांनी मारल्या आहेत, कारण उपचार कुठून तरी सुरू करावे लागतात. म्हणून १५२ म्हणजे आजार आणि १३८ म्हणजे निर्धास्त, असं काही नसतं. तुमचा प्रश्न तुम्ही "रिपोर्ट खरा की खोटा" असा मांडलात. मी तो असा वाचते: पुढचे चौदा आठवडे रोज जेवणानंतर तुमची साखर किती वर जाणार आहे? याचं उत्तर कोणत्याच लॅबच्या एका कागदात मिळणार नाही.

एचबीए१सीबद्दल थोडंसं. गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात, त्यामुळे ही सरासरी एरवीपेक्षा खालीच दिसते. जेवणानंतरचे चढ सरासरीत विरून जातात. लोह कमी असलं तर आकडा फुगतो. विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेल असलेल्या बाईत तर त्यावर विसंबताच येत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत ६.५ किंवा त्याहून जास्त आला तर तो कामाचा, कारण मग मधुमेह आधीपासूनच होता असं कळतं. सव्विसाव्या आठवड्यात ५.२ आला म्हणून निश्चिंत होऊ नका.

पुन्हा चाचणी कधी करायची? ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली असेल तर. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर, कारण त्याने काही दिवस साखर वाढते. रक्त राखाडी झाकणाच्या बाटलीत न घेता साध्या बाटलीत घेऊन तासन्तास तसंच ठेवलं असेल तर आकडा खोटा कमी येतो, कारण पेशी बाटलीतही साखर खात राहतात. यातलं काही झालं नसेल तर चांगला आकडा येईपर्यंत लॅब बदलत बसू नका. त्यात तीन आठवडे जातात, आणि हेच आठवडे बाळाच्या अंगावर चरबी चढण्याचे असतात.

आता धोक्याचं. वार, जिला दवाखान्यात प्लॅसेंटा म्हणतात, ती पाचव्या-सहाव्या महिन्यापासून असे हार्मोन सोडते की आईचं इन्शुलिन नीट लागू पडत नाही. हे प्रत्येकीत होतं, बाळाला अन्न कमी पडू नये म्हणूनच होतं. बहुतेकींचं स्वादुपिंड दुप्पट काम करून भरून काढतं, काहींचं कमी पडतं. तिसऱ्या महिन्यातली ११८ आणि आताची १५२ यात विसंगती नाही ती यामुळे. आईची साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, आईचं इन्शुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्शुलिन जास्त बनवतं आणि आलेली साखर चरबी करून साठवतं, ती पोटावर आणि खांद्यांवर जास्त. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला, ही आम्हा प्रसूतीवाल्यांची सगळ्यात भीतीची वेळ असते. नाळ कापली की आईकडून येणारी साखर बंद, पण बाळाचं इन्शुलिन तसंच जोरात चालू. म्हणून पहिल्या काही तासांत बाळाची साखर उतरते. शिवाय कावीळ, पोटातलं पाणी वाढणं, आईचं बीपी वाढणं हेही जास्त दिसतं. साखर फार बेताल राहिली तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

तुमच्या बाबतीत काय लागू नाही, तेही ऐका. बाळाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांत घडतात आणि तेव्हा तुमची साखर ठीक होती. त्यामुळे या साखरेने बाळात व्यंग होईल ही भीती मनातून काढून टाका. ती काळजी असते आधीपासून मधुमेह असलेल्या बाईची. आणि उपचारांचा उपयोग ठोस आहे. २००५ साली ऑस्ट्रेलियात १,००० बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्या बायकांना आहार, साखरेवर लक्ष आणि गरजेला इन्शुलिन दिलं, बाकीच्यांची नेहमीची तपासणी चालू ठेवली. बाळाचा मृत्यू, खांदा अडकणं, हाड मोडणं, हाताची नस दुखावणं या गंभीर गोष्टी मिळून ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आल्या.

"मी तर सडपातळ, मला कशी शुगर?" हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण वजन आवर्जून दिलंत, म्हणून सांगते. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो वैद्यकीय जगात गाजलेला आहे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण वजनकाट्यावर बारीक आणि आतून चरबीचे. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या नवजात बाळांची मापं घेतली, तिथेही हेच. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो, तरी आपल्या बाळांनी चरबी मात्र राखलेली. त्यामुळे "बाळ चार किलोचं नाही, म्हणजे शुगरचा त्रास नाही" हे आपल्याकडे चालत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मीही उपाशीपोटीच्या साखरेवर भरवसा ठेवत असे. एक पेशंट होती, उपाशीपोटी ८६, बारीक अंगाची, मी पुढे काही केलं नाही. कळा चांगल्या आल्या, डोकं आलं आणि खांदा अडला. जेमतेम मिनिटभरात सुटला, पण ते मिनिट मला आजही आठवतं. बाळ ३.८ किलो, दुसऱ्या तासाला साखर ३२. बाळ सुखरूप घरी गेलं. त्या दिवसापासून मी एकाही गरोदर बाईला जेवणानंतरच्या आकड्याशिवाय सोडलेलं नाही.

तर आता करायचं काय? ग्लुकोमीटर घ्या किंवा कुणाकडून मागून आणा, आणि दोनशे पानी वही करा. दोन आठवडे सकाळी उपाशीपोटी आणि तिन्ही जेवणांनंतर दोन तासांनी बोट टोचायचं. हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. टोचण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करायचे. माझ्याकडे मे महिन्यात एक जण २१० चा आकडा घेऊन रडत आली होती. बोटाला आमरस लागलेला होता. हात धुवून पुन्हा पाहिलं, १०४. पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नका, दमट हवेत त्या बिघडतात. तुम्हाला गाठायचंय ते उपाशीपोटी ९५ च्या खाली आणि दोन तासांनी १२० च्या खाली. मीटर परवडत नसेल तर जेवणानंतरची साखर दवाखान्यात करून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिथे साखरही बघतात.

वहीत काय दिसतं त्याचा नमुना देते. अठ्ठाविसाव्या आठवड्यातली एक पेशंट, दुकानात उभं राहून काम करणारी. सोमवारी नाश्त्याला प्लेटभर पोहे आणि साखरेचा चहा: १४६. बुधवारी निम्मे पोहे, त्यात मटार-शेंगदाणे, सोबत वाटीभर मटकीची उसळ, चहा बिनसाखरेचा: ११९. गुरुवारी उपास, साबुदाण्याची खिचडी: १६८. शनिवारी दुपारी दोन वाट्या भात-आमटी: १३४. रविवारी कोंबडीचा रस्सा, दोन ज्वारीच्या भाकऱ्या आणि काकडी: ११२. रविवारच्या जेवणाची तिला धास्ती होती, खिचडीची अजिबात नव्हती. मग तिने भात एका वाटीवर आणला, त्यात पालकाची भाजी आणि ताक वाढवलं, जेवणानंतर वीस मिनिटं शतपावली: १०८. तुमचे आकडे वेगळे येतील, तुमच्या शरीराचे ते. पण वही आठवड्याभरात बोलू लागते. सकाळी शरीर इन्शुलिनला जास्त अडवतं, म्हणून बहुतेकींचा नाश्ताच बिघडतो. टोस्ट, खारी, बिस्किटं, कपभर साखरेचा चहा यातच निम्मं दुखणं असतं. फळ खा, पण जेवणाच्या शेवटी नको, मधल्या वेळेला एक. त्याचा रस काढू नका. डोहाळजेवणाला ताटातलं सगळं चाखा, गोडाची एकच वाटी आणि नंतर चाला. त्या दिवसाचा आकडा वर गेला तर वहीत खरा लिहा.

एक चूक मात्र करू नका. घाबरून भात-भाकरी बंद करणाऱ्या बायका मी दर महिन्याला बघते. आकडे सुंदर येतात आणि वजन उतरतं. शरीर मग चरबी जाळून कीटोन बनवतं, ते बाळासाठी बरं नाही. गरोदरपणात दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायलाच हवीत. तीन मोठ्या जेवणांऐवजी तीन मध्यम जेवणं आणि मध्ये दोन-तीनदा थोडं थोडं, रात्री झोपताना कपभर दूध, असं वाटून घ्या. सासूबाईंना शत्रू करू नका, वही दाखवा. माझ्या अनुभवात वही पाहिल्यावर घरातली मोठी बाई सगळ्यात कडक पहारेकरी होते.

थोडक्यात, इथवर: चाचणीचा वाद सोडून द्यायचा, दोन आठवडे वही, पोटभर पण वाटून खाणं, जेवणानंतर चालणं. मग वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे.

इन्शुलिन लागेल का, हे आज कुणीच सांगू शकत नाही. तुमचा उपाशीपोटीचा आकडा चांगला आहे, त्यामुळे आहारावर भागण्याची शक्यता मला बरी वाटते. दोन आठवड्यांनीही जेवणानंतर १२० किंवा त्यावर राहिलं तर औषध सुरू करतात, मेटफॉर्मिनची गोळी किंवा इन्शुलिन. गोळी वार ओलांडून बाळापर्यंत जाते, इन्शुलिन जवळपास जात नाही. म्हणून "इन्शुलिन म्हणजे शेवटची पायरी, बाळाला सवय लागेल" हे ऐकू नका. गोळीवर सुरुवात केलेल्यांपैकी बऱ्याच जणींना पुढे इन्शुलिन लागतंच. २००८ च्या एका मोठ्या अभ्यासात हे प्रमाण ४६ टक्के होतं. बाळंतपण झालं, वार पडली की बहुतेकींचं इन्शुलिन त्याच दिवशी बंद होतं. ते चालू असताना घाम सुटला, हात थरथरले, तर साखर बघा. ७० च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या आणि मग काहीतरी खा.

बाकीचं डॉक्टर बघतीलच. २८ ते ३० आणि ३४ ते ३६ आठवड्यांत वाढीची सोनोग्राफी होईल, त्यात पोटाचा घेर काय म्हणतो ते विचारा. साखर आहारावर ताब्यात असेल तर सिझेरियन करायचं कारण नुसती शुगर हे नाही. साधारण ३९ आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबता येतं. बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारलं, तर वेळ बघू नका, निघा. बाळंतपण जिथे नवजात बाळाची साखर तपासतात आणि बाळांचे डॉक्टर हाताशी आहेत अशा ठिकाणी ठरवा. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर पाजा, तोच त्याची साखर टिकवण्याचा पहिला उपाय. मध चाटवू देऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

आणि जी गोष्ट सगळ्याच विसरतात ती आजच लिहून ठेवा. अशा साखरेनंतर पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या कित्येक पट असतो, म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची चाचणी करायची असते, या वेळी उपाशीपोटी. बाळंतीण घरातून निघत नाही, स्वतःसाठी तर नाहीच. पण बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमारास असते. लसीच्या कार्डावर त्या तारखेपुढे पेनने "आईची शुगर" असं लिहा. त्या सकाळी काही न खाता निघा, रक्त द्या, ग्लुकोज प्या. दोन तासांत बाळाची लस होते, त्याला पाजून होतं, तोवर दुसऱ्या रक्ताची वेळ होते.